'कशाला उगीच' म्हणणाऱ्या उल्काताई

नारायण पेठेतल्या उल्का परचुरे स्वयंपाकघरात स्टुलावरून पडल्या त्या दुपारच्या जेवणानंतर, आणि त्यांनी मदतीसाठी हाक मारली ती चार वाजल्यावर. मधला सगळा वेळ त्या फरशीवर उताण्या पडून होत्या. कमरेखालचं काही कळत नव्हतं, पाय आपले वाटत नव्हते, आणि हे काहीतरी भलतंच झालंय हे त्यांना पुरतं उमगलं होतं. तरी हाक नाही. पुढे इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "अहो, मग ओरडला का नाहीत?" तेव्हा त्या म्हणाल्या, "लोक झोपलेले असतात त्या वेळी."

यावर हसावं की रडावं हे ज्याचं त्याने ठरवावं. डॉक्टर हसले नाहीत.

पडण्याचं कारणही तसंच. ट्यूबलाइट गेली होती. शेजारचा संपत भला माणूस, त्याने दोनदा विचारलं होतं, "मावशी, मी बसवून देऊ का?" दोन्ही वेळा उल्काताई म्हणाल्या होत्या, "कशाला उगीच." हे त्यांचं ठरलेलं उत्तर. कोणी लग्नाचं जेवण डब्यात भरून देऊ लागलं, की कशाला उगीच. पावसात कोणी गाडीवरून सोडतो म्हणालं, की कशाला उगीच. फार वर्षांपूर्वी कारखान्याच्या हिशेब खात्यातल्या एका गृहस्थांनी, रविवारी नाटकाला येता का, असं विचारलं होतं. त्यांनाही हेच उत्तर मिळालं. ते गृहस्थ पुणेकर असल्यामुळे त्यांनी परत विचारलं नाही. उल्काताईंना ते परत विचारतील असं वाटलं होतं. पुढचे काही महिने त्यांनी वाटही पाहिली होती, पण हे त्यांनी कधीच कोणाला सांगितलं नाही.

खडकीतल्या एका कारखान्यात उल्काताई टेलिफोन ऑपरेटर होत्या. वय निवृत्तीला येईपर्यंत त्या एकाच खुर्चीवर बसल्या. आधी बोर्ड होता, त्यात वायरी खुपसाव्या लागत. मग बटणं आली, मग सगळं आपोआप जोडलं जाऊ लागलं, तरी साहेब लोकांना उल्काताईच लागत. पलीकडचा माणूस 'हॅलो' म्हणाला, की तो खरंच कामात आहे की टाळतोय, हे त्यांना कळायचं. फोन उचलला गेला त्या खोलीत माणसं आहेत की नाहीत, आहेत तर भांडून बसलीत की हसून, हेही कळायचं. सगळ्या जगाची गाठ घालून देण्यात त्यांची हयात गेली. त्यांच्यासाठी मात्र त्या बोर्डावर क्वचितच कोणाचा फोन आला.

तर आता पाठीची शस्त्रक्रिया झाली होती. मणक्याला पट्ट्या आणि स्क्रू बसवले होते. डॉक्टर अस्मिता नावाची तरुण मुलगी रोज सकाळी येऊन त्यांच्या पायांना टाचणीने टोचून बघायची. एके दिवशी ती खुर्ची ओढून बसली. डॉक्टर खुर्ची ओढून बसले की ऐकणाऱ्याने समजून जावं.

"आमचं काम इथे संपलं," अस्मिता म्हणाली. "मज्जारज्जू पूर्ण तुटलेला नाहीये, पण पाय किती परत येतील ते मी आज सांगू शकत नाही. खोटं बोलणार नाही मी तुमच्याशी. आता तुम्हाला रिहॅब हॉस्पिटलमध्ये भरती व्हावं लागेल, दोन-तीन महिने तरी. घरी फिजिओथेरपिस्ट येऊन जाईल त्याने भागणार नाही. आणि हॉस्पिटल नीट बघून निवडा. हे पहिले महिने फार महत्त्वाचे असतात, ते वाया गेले तर परत मिळत नाहीत."

"बघू कसं?" उल्काताईंनी विचारलं. त्यांना कुशीवर वळवायलासुद्धा दोन माणसं लागत होती.

"नातेवाइकांना पाठवा. मणक्याच्या दुखापतीचे पेशंट तिथे किती आहेत ते विचारायला सांगा. रोज व्यायाम किती वेळ घेतात, लघवी-शौचाचं स्वतःचं स्वतः करायला शिकवतात का, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करतात. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे, तिथून बाहेर पडल्यावर तुम्हाला कसं जगायचंय ते ठरवा. त्यावर सगळं आहे."

कसं जगायचंय, हे उल्काताईंना ठरवावं लागलंच नाही. तळमजल्यावरच्या आपल्या दोन खोल्यांत, आपल्या चहाच्या वेळेला, आपण केलेला चहा. त्यांना एवढंच हवं होतं. भाऊ माधव आणि त्याची बायको पूर्णिमा बाणेरला राहत. त्यांच्या फ्लॅटमधली एक खोली रिकामी होती, आणि पूर्णिमाने इस्पितळात येऊन ती खोली उल्काताईंना देऊनही टाकली होती. पलंग खिडकीपाशी ठेवू म्हणाली, बाई ठेवू म्हणाली. मनापासून म्हणाली. त्या खिडकीपाशी आपण मरेपर्यंत पडलेलो, आणि बाई चमच्याने भात भरवतेय, हे चित्र काही केल्या उल्काताईंच्या डोळ्यांपुढून हलेना. एवढी भीती त्यांना फरशीवर पडल्या तेव्हाही वाटली नव्हती.

माधव बिचारा शनिवारी दोन ठिकाणं बघून आला. माधव म्हणजे बँकेतून निवृत्त झालेला, सरळ मार्गाने जाणारा आणि सरळ शब्दांचा माणूस. तो खुर्चीत बसला आणि त्याने अहवाल दिला.

"ताई, आमच्या घराजवळचं केंद्र उत्तम आहे. पार्किंग प्रशस्त. स्वतंत्र खोली, टीव्ही, एसी. चोवीस तास माणूस दिमतीला, तुला बोटसुद्धा हलवावं लागणार नाही. कँटीनमध्ये साबुदाण्याची खिचडी खाल्ली, चांगली होती."

"आणि दुसरं?"

"दुसरं नको. ते पार सासवड रस्त्याला, एका ट्रस्टचं. रस्ता खराब. मोठ्या हॉलमध्ये ओळीने खाटा. आणि नियम काय तर म्हणे नातेवाइकाने जवळ राहायचं नाही. भेटायला फक्त रविवारी दुपारी. असं कुठे असतं का? चहा विचारला, तर तोही नव्हता."

"मणक्याचे पेशंट किती आहेत तिथे?"

माधवने कपाळ खाजवलं. "ते विचारायचं राहिलं."

खडकीला कामावर जाता-येता उल्काताईंनी चाकाच्या खुर्चीवरून भरधाव जाणारे माजी सैनिक पाहिले होते. ती फौजेतली माणसं, त्यांची सोय फौज करते. पण खुर्चीत बसलेला माणूस स्वतःच्या हाताने रस्ता ओलांडू शकतो, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि ते त्यांच्या मनातून जात नव्हतं.

सोमवारी सकाळी त्यांनी मोबाईल छातीवर ठेवला. पाय गेले होते, कान शाबूत होते.

आधी बाणेरचा नंबर. लगेच उचलला गेला. आधी सतार वाजली, मग एक गोड मुलगा आला. "येस मॅम, हाऊ मे आय हेल्प यू?" उल्काताईंनी मराठीत विचारलं, तोही मराठीत आला. "मॅम, अ‍ॅक्च्युअली आपल्याकडे जास्त करून स्ट्रोकचे पेशंट असतात. स्पायनलचे आत्ता एकच काका आहेत. पण मॅम, केअर टॉप क्लास आहे. तुम्हाला काहीच करावं लागणार नाही."

"व्यायामाच्या खोलीत जोडून द्या," उल्काताई म्हणाल्या, आणि आवाज असा लावला की मुलाने निमूट जोडून दिलं. ऐन सकाळची वेळ. पलीकडे टीव्हीवर कुठलीशी मालिका चालू होती. बाकी काही नाही. कोणी 'हां, उचला' म्हणत नव्हतं, कोणी कण्हत नव्हतं. एक बाई आली, अदबीने बोलली, सगळी उत्तरं दिली. उल्काताईंनी आभार मानून फोन ठेवला. ती खोली स्वच्छ होती आणि रिकामी होती.

मग सासवड रस्ता. घंटा वाजत राहिली. तुटली. पुन्हा लावला. शेवटी कोणीतरी धापा टाकत उचलला, "वॉर्डात जोडतो" म्हणाला, तिकडे कोणी बाईने उचलला, "थांबा हां" म्हणून रिसीव्हर टेबलावर आदळला, आणि ती विसरून गेली.

दुसऱ्या कोणी फोन ठेवून दिला असता. उल्काताई ऐकत राहिल्या. लोखंडावर लोखंड वाजत होतं. एक तरुण आवाज सारखा "परत. परत करा" म्हणत होता. कोणीतरी त्या आवाजाला आईवरून शिवी दिली, त्यावर बरीच माणसं हसली. धप्पकन काहीतरी पडलं. पण कोणी धावलं नाही, उलट तोच आवाज म्हणाला, "पडलात ना? आता शिकवलं तसं उठा." आणखी लांब एक बाई रडत होती, आणि तिला कोणी गप्प करत नव्हतं.

एवढ्यात रबराच्या चाकांचा आवाज जवळ आला. "कोन हाय? फोन कवाचा आडवा पडलाय हितं."

"मी उल्का परचुरे बोलतेय. मला मणक्याला लागलंय. तिथे भरती व्हायचा विचार आहे. आपण कोण?"

"मी मुक्ताई. मीबी पेशंटच हाय. पत्र्यावर कुरडया वाळत घालाया गेले आन् पत्र्यासकट खाली आले. तुमी?"

"ट्यूबलाइट," उल्काताई म्हणाल्या.

"एकून एकच," मुक्ताई म्हणाली.

मग उल्काताईंनी भराभर विचारून घेतलं. रात्री तहान लागली तर पाणी कोण देतं? "कोन देतंय? सोताच घ्यायचं. आदी शिकिवत्यात, मंग कुनी देत न्हाई." खाटेवरून खुर्चीत कोण बसवतं? "फळी देत्यात. फळीवरून सरकायचं." आणि उल्काताईंनी आयुष्यात परक्या माणसासमोर न उच्चारलेला शब्द उच्चारला. लघवीचं काय? मुक्ताईने आवाज खाली घेतला. "नळी सोताच घालायची. आरसा देत्यात पुढ्यात धराया. पयल्यांदा लई लाज वाटती. मंग सवय होती. पर तेवढं आलं की मानूस सुटतंय बगा. मंग कुनाच्या तोंडाकडं बगाया लागत न्हाई."

कोणाच्या तोंडाकडे बघायला लागत नाही. उल्काताईंना एवढंच ऐकायचं होतं. त्यांचं ठरलं. फोन ठेवता ठेवता त्यांनी रीत म्हणून विचारलं, "तुम्ही कधी घरी जाणार मग?"

"माझं शिकून झालंय समदं. डॉक्टर म्हनले, जावा. मालक हितंच हिंजवडीला बिल्डिंगीवर वाचमन हायेत. येतो म्हनत्यात न्यायला." मुक्ताई जरा थांबली. "रविवारी येतील."

थांबण्याचे किती प्रकार असतात ते उल्काताईंना ठाऊक होतं. हाही त्यांनी ओळखला. पण आपल्याच निकालाने त्या इतक्या हुरळून गेल्या होत्या, की त्यांनी तो कानाआड केला.

माधवला हा निर्णय मुळीच पटला नाही. "अगं, पण तिथे आम्हाला तुझ्याजवळ राहता येणार नाही."

"तेच बरं आहे," उल्काताई म्हणाल्या. दुखावला तो. पण दुखावलं असं म्हणायची त्या घरात पद्धत नव्हती, म्हणून तो अ‍ॅम्ब्युलन्सची चौकशी करायला गेला.

कुटुंबाच्या ग्रुपवर उल्काताईंनी स्वतःच लिहून टाकलं: 'तब्येत ठीक. इस्पितळ लांब आहे. कृपया कोणी भेटायला येण्याची तसदी घेऊ नये.' सगळ्यांनी अंगठे दाखवले.

भरती झाल्या त्या दिवशी माधव अ‍ॅम्ब्युलन्सच्या मागे गाडी घेऊन आला. सगळं आवरल्यावर खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला, गाडीची किल्ली या हातातून त्या हातात केली आणि म्हणाला, "रविवारी येऊ का?"

"कशाला उगीच," उल्काताई म्हणाल्या. "एवढ्या लांब. ट्रॅफिक असतं."

"बरं," माधव म्हणाला आणि गेला. तो दारातून दिसेनासा झाल्यावरही उल्काताई दाराकडेच बघत होत्या. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये हादरे बसले त्याने मान आखडली असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

जे ऐकलं होतं ते सगळं खरं निघालं. तेजस नावाचा फिजिओथेरपिस्ट, तोच तो 'परत करा'वाला, दिवसभर छळायचा. सकाळी दंड, दुपारी दंड. पायांनी जे करायचं ते आता दंडांनी करायचं. उल्काताई पडल्या, उठल्या, एकदा त्यांनीही तेजसला चांगलंच सुनावलं, पण शिवी न देता, त्यामुळे ते त्याला जास्त लागलं. आरसाही झाला. पहिल्या दिवशी त्या रडल्या, आणि त्यांना कोणी गप्प केलं नाही. फोनवर ऐकताना त्यांना ते फार चांगलं वाटलं होतं. स्वतःवर आल्यावर ते तितकंसं चांगलं वाटलं नाही.

मुक्ताईची खाट शेजारीच होती. चाळिशीची, काटक बाई. घरी जायची परवानगी मिळूनही ती अजून तिथेच होती. रविवार आला की ती सकाळीच न्हायची, केसांना तेल लावून चापूनचोपून अंबाडा घालायची, ठेवणीतली हिरवी साडी बसल्या बसल्या नेसायची, आणि दुपारी व्हरांड्यात फाटकाकडे तोंड करून खुर्ची लावायची. लोकांचे नातेवाईक यायचे, पिशव्यांतून डबे निघायचे, पोरं चाकाच्या खुर्च्यांवर बसून फेऱ्या मारायची. संध्याकाळी वॉर्ड शांत झाला की मुक्ताई आत येऊन साडीची घडी घालायची. "मालकांच्या शेडात खुर्ची मावत न्हाई म्हनत्यात," ती एकदा म्हणाली. "मोटी जागा मिळाली की नेतील."

उल्काताई त्या वेळात खाटेवर पडून वर्तमानपत्र वाचायच्या. वाट बघत बसणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. आपण कोणाची वाट बघत नाही, याचा त्यांना अभिमान होता, आणि तो अभिमान उशाशी घेऊन त्या रविवारची दुपार कशीबशी काढायच्या. पेपरातलं एक अक्षर डोक्यात शिरायचं नाही.

मग एका रविवारी ते झालं. दुपारी वॉर्डात फारसं कोणी नव्हतं. उल्काताईंनी फळी खाटेवरून खुर्चीवर टेकवली, दोन्ही हात रोवले, आणि कोणी जवळ नसताना, कोणी 'परत' म्हणत नसताना, त्या इंच इंच सरकत खुर्चीत जाऊन बसल्या. पाय एकेक करून उचलून खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्टीवर ठेवले. दंड थरथरत होते, घाम आला होता. जमलं. आता नारायण पेठेतल्या त्या दोन खोल्या त्यांच्या होत्या. त्यांनी हसून वर पाहिलं.

त्यांच्याकडे कोणीच बघत नव्हतं. तेजसची सुट्टी होती. समोरच्या खाटेवरची मुलगी आपल्या आईशी बोलत होती, आणि ती आई मुलीच्या केसांतला गुंता सोडवत होती. उल्काताईंना वाटलं, हे कोणीतरी बघायला हवं होतं. आपलं कोणीतरी. माधवने बघायला हवं होतं. लहानपणी सारसबागेपाशी सायकल शिकताना मागून कॅरिअर धरून धावणारा माधव त्यांना आठवला, आणि त्या मोठ्याने रडणार, एवढ्यात त्यांनी चाकं फिरवली आणि व्हरांड्यात गेल्या.

मुक्ताई हिरव्या साडीत बसली होती. तिने खुर्ची जरा सरकवून जागा करून दिली.

"आपल्या आपन आलात?"

"हो."

"बेस झालं." पदर सारखा करत ती म्हणाली, "तुमचं कोन येनार हाय आज?"

"कोणी नाही. मीच सांगितलंय, येऊ नका म्हणून."

मुक्ताईने फाटकावरची नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं. तिला खरोखरच काही कळलं नव्हतं. "का वो?"

उल्काताईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. लांब पडतं, ट्रॅफिक असतं, कोणाला त्रास नको, ही सगळी उत्तरं तयार होती. त्या हिरव्या साडीसमोर त्यातलं एकही तोंडातून बाहेर पडेना.

"माझं तर बोलावूनबी येईनात," मुक्ताई म्हणाली, आणि पुन्हा फाटकाकडे बघू लागली.

उल्काताईंनी मोबाईल काढला. हयातभर त्यांनी लोकांना लोकांशी जोडून दिलं होतं, पण स्वतःसाठी कोणाला बोलवायला नंबर कधी लावला नव्हता. घंटा वाजली.

"बोल ताई. काय झालं? काही हवंय का?" माधव घाबरलेला होता.

"नाही. माधव, तू ये."

"काही आणायचंय का?"

"काही आणू नकोस. मला भेटायला ये."

पलीकडे आवाज थांबला. मागे पंखा फिरत होता, पूर्णिमा कोणाशी तरी बोलत होती, तीही गप्प झाली. हे थांबणं कुठलं, ते उल्काताईंना ओळखता येईना. साऱ्या नोकरीत एवढी लांब वाट त्यांनी कुठल्या फोनवर पाहिली नव्हती.

"तू म्हणाली होतीस ना, येऊ नका," माधव हळू म्हणाला. "मी दर रविवारी गाडी पुसून ठेवतो. मग वाटतं, तुला आवडणार नाही."

उल्काताईंनी मान हलवली, फोनवर मान दिसत नाही हे माहीत असूनही.

"आज आता वेळ संपत आली असेल तुमची," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी येतो. नक्की येतो."

"ये," उल्काताई म्हणाल्या. फोन ठेवल्यावर बराच वेळ तो तसाच मांडीवर होता. मांडीला त्याचं वजन कळत नव्हतं. फाटकापाशी शेवटचे नातेवाईक रिकाम्या पिशव्या घेऊन बाहेर पडत होते, आणि रखवालदार साखळी हातात घेऊन उभा होता. मुक्ताईने अंबाड्यावरून हात फिरवला आणि खुर्ची आत वळवायला घेतली.

"मुक्ताई, पुढच्या रविवारी माझा भाऊ येणार आहे," उल्काताई म्हणाल्या. "आपल्या दोघींना भेटायला."